आझादीच्या भिंतीबाहेर

तेहरान शहराच्या पश्चिमेला फुटबॉलचं एक भलंमोठं स्टेडियम आहे. त्याचं नाव ‘आझादी’. फारसी न येणाऱ्या आपल्यासारख्यांनाही या शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही. उर्दूत तो आहे, दखनीत आहे आणि अलीकडच्या घोषणांमुळे मराठीतही रुळला आहे.

हे स्टेडियम १९७१ साली बांधून झालं. अब्दुल अझीझ फरमानफरमायान या इराणी वास्तुरचनाकाराने त्याचा आराखडा केला. प्रेक्षक बसतात त्या जागेचा खालचा बराच भाग जमीन खणून तयार केलेला आहे. १९७४च्या आशियाई क्रीडा स्पर्धा इथेच झाल्या. तेव्हा एक लाख माणूस बसेल अशी सोय होती. नंतर खुर्च्या बसवल्या आणि हा आकडा ७८ हजारांच्या आसपास आला. सुरुवातीचं नाव होतं ‘आर्यमेहर’, म्हणजे खुद्द शाहाची पदवी. १९७९ची क्रांती झाली, शाह देश सोडून गेला आणि स्टेडियमचं नाव ‘आझादी’ झालं.

शाहाच्या काळात इथे बायका सामने पाहायला येत. नाव बदललं आणि दोनेक वर्षांत बायकांचं येणं बंद झालं. फुटबॉल पाहणाऱ्या इराणी स्त्रियांसाठी आझादीचं दार पुढची जवळजवळ चाळीस वर्षं बंद राहिलं.

या बंदीची मला सर्वांत जास्त खटकलेली बाब अशी की, ती कुठल्या कायद्यात लिहिलेली नाही. संसदेने ठराव केला, राजपत्रात छापून आलं, असं काही झालेलं नाही. दारावरचा पोलीस अडवतो, एवढाच कायदा. लिहिलेला कायदा निदान कोर्टात नेता येतो, त्यातल्या शब्दांवर भांडता येतं. न लिहिलेल्या नियमाशी भांडायचं कसं? ‘असंच चालत आलंय’ या वाक्याला अपील नसतं.

कारणं मात्र भरपूर दिली गेली. मैदानात पुरुष अर्वाच्य शिव्या देतात, ते बायकांच्या कानावर पडू नये. खेळाडू अर्ध्या चड्डीत असतात, ते बायकांच्या नजरेला पडू नये. गर्दीत त्यांच्या सुरक्षेची हमी कोण देणार? ऐकायला हे सगळं काळजीचं बोलणं वाटतं. पण त्याच अर्ध्या चड्डीतले तेच खेळाडू इराणच्या सरकारी टीव्हीवर घराघरांत दिसत होते आणि घरातल्या बायका ते पाहत होत्या. शिव्यांचं म्हणाल तर पुरुषांच्या तोंडाला आवर घालण्यापेक्षा बायकांना घरी बसवणं सोपं होतं, म्हणून तो मार्ग निवडला. हा हिशेब फक्त इराणचा आहे असं म्हणायची मला हिंमत नाही.

ही भिंत पहिल्यांदा जोरात हलली १९९७च्या नोव्हेंबरात. १९९८च्या वर्ल्डकपमधली एक जागा शिल्लक होती आणि इराणची गाठ ऑस्ट्रेलियाशी पडली. आझादीवर सामना १-१ असा सुटला. आठवड्याने मेलबर्नला इराण ०-२ असा मागे पडला होता. शेवटच्या पंधरा-वीस मिनिटांत करीम बाघेरी आणि खोदादाद अझीझीने गोल केले आणि दुसऱ्याच्या मैदानावर जास्त गोल केल्याच्या नियमाने इराण वर्ल्डकपला पोहोचला. तेहरानच्या रस्त्यांवर लोक नाचले. संघ परतल्यावर सत्कार आझादी स्टेडियमवर ठेवला होता. बायकांनी घरीच थांबावं, टीव्हीवर सोहळा बघावा असं सांगण्यात आलं. तरी हजारो बायका स्टेडियमच्या दारात जमल्या. काहींना आत घ्यावं लागलं आणि बाकीच्या दार रेटून आत शिरल्या. त्या दिवशी मैदानात सामना नव्हता, तरी त्या आत गेल्या. त्यांना खेळाइतकीच ती जागाही हवी होती.

चार वर्षांनी, २००१ साली, आयर्लंडचा संघ आझादीवर खेळायला आला. सोबत आलेल्या काही आयरिश बायकांना आत बसू दिलं. इराणी बायका बाहेरच राहिल्या. म्हणजे बाई असणं ही अडचण नव्हती. ‘आपली’ बाई असणं ही अडचण होती.

इराणी दिग्दर्शक जाफर पनाही यांच्या ‘ऑफसाइड’ या सिनेमात हीच गोष्ट विनोदाच्या अंगाने येते. स्वतःच्या मुलीला स्टेडियमच्या दारात अडवलं, त्या प्रसंगातून आपल्याला हा विषय सुचला, असं पनाहींनी सांगितलं आहे. ८ जून २००५ रोजी आझादीवर इराण आणि बहारीनचा वर्ल्डकप पात्रतेचा सामना होता. सामना खरा, गर्दी खरी, स्टेडियम खरं आणि त्यात पनाहींनी आपली काल्पनिक पात्रं सोडली. मुलांचे कपडे घालून, तोंडाला झेंड्याचे रंग फासून काही मुली आत शिरायला बघतात आणि पकडल्या जातात. सैनिक त्यांना स्टेडियमच्या बाहेरच्या बाजूला, वरच्या मजल्यावर, लोखंडी कठड्यांच्या एका कोंडवाड्यात उभं करतात. तिथून गर्दीचा गलका ऐकू येतो, पण मैदान दिसत नाही.

ते सैनिकही काही राक्षस नाहीत. गावाकडून सक्तीच्या नोकरीवर आलेली पोरं आहेत. एकाला घरच्या गुरांची काळजी लागली आहे. मुलींच्या हट्टापुढे त्यातला एक जण फटीतून मैदानात डोकावतो आणि त्यांना सामन्याचं वर्णन सांगू लागतो. एका मुलीला बाथरूमला जायचं असतं. स्टेडियममध्ये बायकांसाठी बाथरूमच नाही, कारण बायकाच नाहीत. मग एका फुटबॉलपटूच्या पोस्टरला डोळ्यांसाठी भोकं पाडून तिच्या तोंडावर बांधतात आणि तिला पुरुषांच्या बाथरूममध्ये नेतात. दुसरी एक मुलगी सैनिकाला विचारते, की जपानविरुद्धच्या सामन्याला जपानी बायका आत कशा होत्या? तो म्हणतो, त्यांना फारसी शिव्या कळत नाहीत. म्हणजे माझा गुन्हा इतकाच की मी इराणात जन्मले, असं तिचं उत्तर.

पूर्ण सिनेमाभर आपल्याला सामना जवळजवळ दिसतच नाही. पनाही प्रेक्षकालाही त्या मुलींच्या सोबत कोंडवाड्यात उभं करतात. पंधरा-वीस पावलांवर जगातलं एक मोठं स्टेडियम आहे आणि आपण ते मनातल्या मनात रचत बसलो आहोत. कुठून आवाज आला, कुणाचा आला, तो गोलचा की हुकल्याचा. सिनेमात स्टेडियम काल्पनिक नाही, ते खरंखुरं आझादी आहे. पण भिंतीबाहेर उभ्या असलेल्या माणसासाठी ते काल्पनिकच होऊन बसतं. बर्लिनच्या महोत्सवात २००६ साली ‘ऑफसाइड’ला रौप्य अस्वल मिळालं. इराणच्या चित्रपटगृहांत तो लागू दिला नाही. लोकांनी चोरून आलेल्या सीडीवर पाहिला. म्हणजे सिनेमाचीही गत त्या मुलींसारखीच झाली.

पहिल्यांदा हा सिनेमा पाहिला तेव्हा मला माझी आपा आठवली. आमचं जुनं घर कोल्हापुरातल्या पेठेत, शाहू स्टेडियमपासून चालत फार तर दहा मिनिटांवर. ज्यांना कोल्हापूर फक्त कुस्ती आणि तांबड्या रश्शासाठी ठाऊक आहे त्यांना सांगतो, की या गावाला फुटबॉलचं वेड त्याहून कमी नाही. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस, शिवाजी तरुण मंडळ, ही सगळी तालमींची आणि मंडळांची नावं इथे फुटबॉलच्या संघांची आहेत. हंगाम सुरू झाला की पेठापेठांत भांडणं, पैजा आणि बोर्डावर रंगवलेली आव्हानं. वर्ल्डकपला गल्लीत एका टोकाला ब्राझील, दुसऱ्या टोकाला अर्जेंटिना.

आपा माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी. खेळाची जाण तिला माझ्याहून जास्त होती. पण त्या काळी आमच्या गल्लीतल्या मुली सामन्याला जात नसत. स्टेडियमवर तशी पाटी नव्हती, तिकीट देणाऱ्याने कुणाला नाही म्हटल्याचं ऐकिवात नव्हतं. जात नसत, एवढंच. सामन्याच्या दिवशी ती माळ्यावरच्या खिडकीत बसायची आणि आवाजावरून खेळ सांगायची. गोल झाला तर आवाज वर जातो आणि बराच वेळ खाली येत नाही. हुकला तर वर जाऊन मधेच तुटतो. पेनल्टीच्या आधी सगळं गाव गप्प झाल्यासारखं वाटतं. मी धापा टाकत घरी यायचो तेव्हा तिला स्कोअर बहुतेक ठाऊक असायचा. ती विचारायची ते वेगळंच.

“अंदर कैसा दिखता रे?”

आत कसं दिसतं. मी सांगायचो: पायऱ्या कुठे आहेत, कुठल्या मंडळाची पोरं कुठे बसतात, माती कशी उडते. ती ऐकून घ्यायची आणि मनात कुठेतरी ठेवून द्यायची.

घराच्या दुसऱ्या अंगाला मशीद होती. आमच्या उंबऱ्यापासून चाळीस पावलं. अम्मी लग्न होऊन त्या घरात आली तेव्हापासून दिवसातून पाच वेळा तिची अजान ऐकत आली आहे. बांगी बदलला की तिला पहिल्या शब्दाला कळतं. त्याला सर्दी झाली आहे हेही कळतं. रमजानमध्ये तिच्या हातची इफ्तारी मशिदीत जाते. पातेलं मी घेऊन जायचो, पुढे माझी मुलं न्यायला लागली. रिकामं पातेलं घरी परत येतं. म्हणजे तिची भांडी त्या मशिदीत शेकडो वेळा जाऊन आली आहेत. ती एकदाही गेलेली नाही.

आत नवा गालिचा आला की ती रंग विचारते. मेहराबीवर टाइल्स बसवल्या तेव्हा त्यावर काय लिहिलंय हे तिने माझ्या धाकट्याकडून वदवून घेतलं. अब्बांच्या जनाज्याची नमाज त्याच मशिदीच्या आवारात झाली. चाळीस पावलांवर. अम्मी खिडकीत उभी होती आणि मधे भिंत होती.

मशिदीच्या दारावरही पाटी नाही. ट्रस्टच्या घटनेत बायकांना मनाई आहे असं कुठे लिहिलेलं नाही. विचारलं तर उत्तरं मिळतात आणि ती उत्तरं ओळखीची वाटतात. जागा अपुरी आहे. वेगळा वुजूखाना नाही. रस्त्यावर पोरं उभी असतात, बायकांच्या सुरक्षेचं काय? फितना होईल. आणि सर्वांत मोठं उत्तर: बायकांवर जमातची नमाज फर्ज नाही, त्यांनी घरी पढणं अफजल आहे.

हे शेवटचं उत्तर नीट पाहायला हवं. ज्या बाईला घरात लेकरं आहेत, आजारी माणूस आहे, तिला पाच वेळा मशिदीत या असं बंधन नाही. ही तिला दिलेली सवलत आहे. प्रवाशालाही रोजा न ठेवण्याची सवलत आहे. म्हणून रोजा ठेवणाऱ्या प्रवाशाच्या तोंडात कुणी घास कोंबत नाही. स्त्रीच्या बाबतीत मात्र सवलतीची बंदी कधी झाली हे आपल्या लक्षातही आलं नाही. अल्लाहच्या बांद्यांना मशिदीपासून अडवू नका, अशा आशयाची हदीस आपल्या प्रमाण ग्रंथांत आहे. पैगंबरांच्या काळात मदिनेच्या मशिदीत बायका मागच्या सफेत उभ्या राहून नमाज पढत, हेही कुणी नाकारत नाही.

खेळ आणि मशीद ही तुलना काहींना उथळ वाटेल. मैदान कुठे आणि अल्लाहचं घर कुठे? पण या दोन्ही गोष्टी एकत्र येतात असा एक प्रसंग हदीसमध्येच आहे. ईदचा दिवस होता. हबशी लोक भाले आणि ढाली घेऊन खेळ करत होते आणि तेही मशिदीत. हजरत आयेशांना तो खेळ पाहायचा होता. पैगंबर पुढे उभे राहिले, आपल्या चादरीचा आडोसा केला आणि आयेशा त्यांच्या खांद्यावरून खेळ बघत राहिल्या. त्यांचं मन भरेपर्यंत पैगंबर उभे होते. बुखारी आणि मुस्लिम, दोन्ही संग्रहांत हा प्रसंग आला आहे. काही उलेमा त्याचा अर्थ मर्यादित लावतात, आयेशांचं वय, आडोशाची चादर यांकडे बोट दाखवतात. दाखवावं. पण खेळ होता, मशीद होती, बघणारी बाई होती आणि तिला बघायला मिळावं म्हणून उभा राहिलेला पुरुष होता, एवढं तरी कुणाला पुसता येणार नाही. हा प्रसंग वाचताना मला नेहमी वाटतं, की आझादीच्या दारावरच्या पोलिसाने आणि आमच्या मशिदीच्या ट्रस्टींनी तो एकदा शेजारी शेजारी बसून वाचावा.

बाई स्टेडियममध्ये आली की काय होतं याचं दुसरं टोकही आपल्या काळात दिसलं. काबूलमध्ये गाझी स्टेडियम आहे. खालिद हुसैनी यांच्या ‘द काइट रनर’ या २००३ सालच्या कादंबरीत तिथे फुटबॉलचा सामना चालू असतो आणि मध्यंतरात एका बाईला आणि पुरुषाला दगडांनी ठेचून मारलं जातं. कादंबरीतला प्रसंग काल्पनिक आहे, पण त्यासाठी लेखकाला फार कल्पना करावी लागली नसेल. तालिबानच्या पहिल्या राजवटीत त्याच मैदानावर लोकांसमोर शिक्षा दिल्या जात. १६ नोव्हेंबर १९९९ रोजी निळ्या बुरख्यातल्या एका बाईला तिथे आणून गोळी घातली गेली. अफगाण स्त्रियांच्या ‘रावा’ या संघटनेने त्याचं लपून चित्रण केलं, म्हणून जगाला कळलं. तेव्हाच्या काबूलमध्ये बाईला सामना बघायला स्टेडियमचं दार बंद होतं आणि मरायला उघडं होतं. पुढे, तालिबान गेल्यावर, अफगाण मुलींचा फुटबॉल संघ उभा राहिला. २०२१ साली तालिबान परत आले आणि त्यातल्या अनेक मुली आज ऑस्ट्रेलियात खेळतात.

आझादीचं दार पुढे उघडलं, पण त्यासाठी किंमत मोजावी लागली. २००६ साली राष्ट्राध्यक्ष अहमदीनेजाद यांनी बायकांना प्रवेश देऊ असं जाहीर केलं होतं. धर्मगुरूंनी विरोध केला आणि काही दिवसांतच ते बारगळलं. २०१८च्या वर्ल्डकपमध्ये इराण-स्पेन सामना रशियात चालू असताना आझादीवर मोठा पडदा लावला आणि बायकांनाही बसू दिलं. इतक्या वर्षांनी आत गेल्या तेव्हा समोर हिरवळ होती, खेळाडू नव्हते.

सहर खोदायारी ही एस्तेगलाल क्लबची चाहती. या क्लबचा रंग निळा. मार्च २०१९मध्ये पुरुषाच्या वेशात ती सामना पाहायला गेली आणि पकडली गेली. सप्टेंबरात कोर्टाच्या कामासाठी गेली असताना सहा महिन्यांची शिक्षा होईल असं तिच्या कानावर आलं. कोर्टाबाहेर तिने स्वतःला पेटवून घेतलं. आठवड्याभरात, ९ सप्टेंबरला, ती गेली. वय २९. लोक तिला ‘निळी मुलगी’ म्हणू लागले.

त्यानंतर फिफाचा दबाव वाढला. १० ऑक्टोबर २०१९ रोजी इराण आणि कंबोडिया यांच्या सामन्याला साडेतीन हजारांच्या आसपास बायका तिकीट काढून आझादीवर बसल्या. त्यांचा भाग जाळीने वेगळा केलेला, चादर घेतलेल्या महिला पोलीस पहाऱ्याला. इराणने १४-० असा सामना जिंकला. खेळ म्हणून त्यात काहीच राम नव्हता, एकतर्फी सामना. पण त्या दिवसाची चित्रफीत मिळाली तर जरूर बघा. बायका पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत ओरडत आहेत. पहिल्यांदा पायऱ्या चढून वर आल्यावर समोर अचानक हिरवं मैदान उघडतं, तिथे काही जणी रडत आहेत. मनात रचलेलं स्टेडियम आणि डोळ्यांसमोरचं स्टेडियम त्या क्षणी एकमेकांवर बसत असणार.

दार उघडलं म्हणजे कायमचं उघडलं असं नाही. मार्च २०२२मध्ये मशहद शहरात लेबनॉनविरुद्धच्या सामन्याला तिकीट हातात असलेल्या बायकांना बाहेर अडवलं, त्यांच्यावर मिरीचा फवारा मारला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आझादीवर लीगच्या सामन्याला थोड्या बायकांना घेतलं. एक दार उघडतं, दुसरं लागतं. न लिहिलेल्या नियमांचं हे असंच असतं.

आणि तेच वर्ष कतारच्या वर्ल्डकपचं. दोहाचं अल थुमामा स्टेडियम इब्राहिम जैदा या कतारी वास्तुरचनाकाराने ‘गहफिया’च्या आकाराचं केलं आहे. अरब पुरुष डोक्यावरच्या रुमालाखाली घालतात ती विणलेली गोल टोपी. इराण-अमेरिका सामना तिथे झाला. पुरुषी टोपीच्या आकाराच्या त्या स्टेडियममध्ये इराणी बायका बिनधास्त बसल्या होत्या. महसा अमिनी प्रकरणाला अडीच महिनेही झाले नव्हते. (कतारच्या स्टेडियमांची आणखी एक गोष्ट आहे, उन्हात राबलेल्या नेपाळी, भारतीय, बांगलादेशी मजुरांची. ती स्वतंत्रपणे लिहावी लागेल.) सौदीतही २०१८च्या जानेवारीत जेद्दाच्या स्टेडियममध्ये बायका पहिल्यांदा लीगचा सामना पाहायला बसल्या. इस्लाम तोच, हदीसही त्याच. फक्त सरकारांची गरज बदलली. मग एवढी वर्षं धर्माच्या नावाने जे सांगितलं गेलं, त्यात धर्म किती होता आणि सोय किती होती?

आपल्याकडे हा विषय काढणं सोपं नाही, हे मला कळतं. मुस्लिम बायकांच्या काळजीचा उमाळा येणारे पुष्कळ लोक सध्या आहेत आणि त्यातल्या बहुतेकांना त्याच बायकांच्या भावा-नवऱ्यांच्या रोजीरोटीची, घरावर चालणाऱ्या बुलडोझरची काळजी नसते. तेव्हा ‘आत्ताच कशाला बोलता’ असं आपले लोक म्हणतात. पण इराणी बायकाही हेच ऐकत आल्या: देशावर निर्बंध आहेत, शत्रू टपलेला आहे, आत्ता स्टेडियमचं काय काढता? चाळीस वर्षांत ती ‘योग्य वेळ’ आली नाही. सहर अमेरिकेसाठी स्टेडियमवर गेली नव्हती. ती एस्तेगलालसाठी गेली होती.

आणि दार ठोठावणारे आपल्यातही आहेत. हाजी अली दर्ग्याच्या मजारीपर्यंत जाण्याचा बायकांचा हक्क मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ साली मान्य केला आणि बायका आत गेल्या. दर्गा कोसळला नाही. २०१९ साली पुण्याच्या एका मुस्लिम दांपत्याने मशिदीतल्या प्रवेशासाठी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. त्यावर मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डानेच २०२०मध्ये प्रतिज्ञापत्र दिलं, की बायकांना मशिदीत नमाज पढायला इस्लामची मनाई नाही. म्हणजे वरच्या पातळीवर प्रश्न उरलेला नाही. तो उरला आहे आपल्या गल्लीत, वुजूखान्याच्या नळांपाशी.

काही वर्षांपूर्वी अम्मी उमऱ्याला गेली. मक्केच्या मस्जिद-ए-हराममध्ये, जगातल्या सर्वांत मोठ्या मशिदीत, ती जमातीने नमाज पढली. परत आल्यावर आम्ही तिच्या भोवती बसलो. तिने आधी खजूर आणि जमजम वाटलं आणि मग ती बोलायला लागली. काबागृहाभोवतीची पांढरी फरशी भर उन्हातही पायाला कशी थंड लागते. मदिनेत मशिदीच्या अंगणातल्या अजस्र छत्र्या कशा फुलासारख्या उघडतात. सफेत डाव्या बाजूला कुठल्या देशाची बाई होती, उजव्या बाजूला कुठल्या. सजद्यात गेल्यावर किती शांत वाटतं. मशिदीत आत कसं दिसतं हे आमच्या घरात पहिल्यांदा ती सांगत होती आणि आम्ही ऐकत होतो. दुसऱ्या दिवशी फजरची अजान झाली आणि तिने नेहमीप्रमाणे खोलीत, कपाटाशेजारी मुसल्ला अंथरला.

आमच्या मशिदीवर आता दुसरा मजला चढतोय. वर्गणी चालू आहे. अम्मीने स्वतःच्या बचतीतून दहा हजार दिले. पावती माझ्या नावाने फाडली होती, ती मी तिच्या नावाने करून घेतली. आराखडा मी पाहिला आहे. मागच्या बोळात एक वेगळा जिना काढता येतो, वर चार नळ बसवता येतात आणि अर्ध्या मजल्यावर साठ-सत्तर बायका सहज मावतात. मोहल्ल्यातल्या अकरा घरांतल्या बायकांनी आणि पुरुषांनी सह्या केलेला अर्ज कमिटीकडे दिला आहे. इमामसाहेबांनी तो वाचून घेतला, ‘मसला नाही, इंतजाम हवा’ म्हणाले. दोन ट्रस्टी गप्प आहेत, एक जण रागावले आहेत. आपा सासरहून, साताऱ्याहून, दर आठवड्याला फोन करून विचारते, काय झालं.

अर्जावर चर्चा पुढच्या जुम्म्याच्या नमाजनंतर ठेवली आहे. बैठक मशिदीतच आहे, तेव्हा अर्जावर सह्या करणाऱ्या बायका तिला येऊ शकणार नाहीत. त्यांचं म्हणणं मला आत जाऊन सांगायचं आहे.